अक्कांचा नकार

खंडेनवमीला यंत्र बंद ठेवून त्याची पूजा करायची, हा मिरजेत लेथवाल्यांपासून दवाखानेवाल्यांपर्यंत सगळ्यांचा शिरस्ता. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा द्यावा, हळदकुंकू लावावं, झेंडूची माळ घालावी आणि दसऱ्याला पुन्हा कामाला जुंपावं. यात वाईट काहीच नाही. फक्त ज्या यंत्राच्या जिवावर तीनशे माणसं बोलतात, ते बंद करताना घाई करू नये एवढं पथ्य पाळावं लागतं. कल्याणी आवटीने ते पाळलं नाही.

खरं तर तिचा बेत वेगळा होता. वाक्सेतू केंद्राचा सर्व्हर तीच सांभाळायची. जुन्या डिस्क भरत आल्या होत्या, रोजची वेगळी प्रत ठेवायलाही जागा पुरत नव्हती, म्हणून तर केंद्राने डिस्कचं नवं कपाट मागवलं होतं. दसरा झाला की एखाद्या रविवारी, डोकं शांत ठेवून, सगळ्या फायली नव्या कपाटात हलवायच्या असं तिने ठरवलं होतं. पण केंद्राचे प्रमुख डॉ. कानडे हे लेथवाल्याचे चिरंजीव. न्यूरॉलॉजीत नाव काढलेला माणूस, पण खंडेनवमी आली की त्यांच्यातला कारखानदाराचा मुलगा जागा व्हायचा.

"रिकाम्या कपाटाची पूजा करतात का, कल्याणीताई?" ते म्हणाले. "देव्हारा आणायचा आणि देव रविवारी बसवायचे? आजच हलवा की. सकाळचे दोन तास गळ्यातल्या बोलक्या पट्ट्या बंद राहतील असा घरोघरी निरोप धाडू."

साहेबाला नाही म्हणायची कल्याणीला सवय नव्हती. निरोप गेले. तिने सर्व्हरला थांबण्याचा हुकूम दिला. तो थांबेना. म्हणजे नकार देत नव्हता, हातातली कामं उरकत होता. पडद्यावर 'थांबत आहे' एवढीच ओळ. इकडे गुरुजी घड्याळ बघतायत, कानडे नारळ घेऊन उभे, बायका निरांजन वाऱ्यापासून सांभाळतायत. "मुहूर्त टळतोय हो," गुरुजी म्हणाले. कल्याणीने सर्व्हरचं बटण दाबलं आणि तो विझेपर्यंत दाबून धरलं.

मग तिने फायलींची नक्कल नव्या कपाटात केली. जुन्या यंत्रात एक छोटी, जलद डिस्क होती, तीही नव्या कपाटात बसवली. कपाटाने विचारलं, यावरचं सगळं पुसू का? तिला वाटलं, सगळं तर उतरवून घेतलंय. ती 'हो' म्हणाली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, नवं कपाट माळ घालून हिरवे दिवे लुकलुकवत बसलं.

आणि सर्व्हर सुरू होईना.

इथे थोडं थांबून हे वाक्सेतू प्रकरण काय ते सांगायला हवं. पक्षाघाताने वाचा जाते तेव्हा पुष्कळदा माणसाच्या डोक्यातले शब्द जात नाहीत, त्यांची वाट बंद होते. 'पाणी' म्हणायचं ठरवलं की मेंदूच्या एका भागात बारीकशी हालचाल होतेच, ती जिभेपर्यंत पोचत नाही एवढंच. कवटीखाली नखाएवढी जाळी बसवली तर ती हालचाल टिपता येते. जाळीकडून खूण सर्व्हरकडे जाते, सर्व्हर त्या खुणेचा शब्द शोधतो आणि गळ्यातली पट्टी तो शब्द त्या माणसाच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवते. हे सगळं आपण डोळा मिटून उघडतो तेवढ्या वेळात होतं.

अडचण एकच. मेंदू जागच्या जागी बसत नाही. आज 'पाणी' म्हणताना जी खूण उमटते ती महिन्याभराने जरा सरकलेली असते. म्हणून प्रत्येकाचा एक शब्दनकाशा सर्व्हरवर असतो आणि तो रोज थोडाथोडा दुरुस्त होतो. चुकीचा शब्द आला की माणूस मनातल्या मनात वैतागतो, जाळीला तो वैतागही कळतो आणि नकाशा सुधारतो. नकाशाचे दोन भाग. एक सूची, म्हणजे कोणत्या खुणेला कोणत्या नंबरचा शब्द. दुसरा, त्या नंबरांवर लिहिलेले शब्द. वाचनालयात कपाटं हलवली आणि दारावरची यादी जुनीच राहिली तर काय होईल? तुम्ही ज्ञानेश्वरी मागाल आणि हातात पाककृती येईल. दोन्ही भाग एकाच वेळचे असावे लागतात, ते यासाठी.

दोन वर्षांपूर्वी कायदाही झाला होता. पट्टीतून आलेला शब्द हा त्या माणसाचाच शब्द. मृत्युपत्र, साक्ष, ऑपरेशनची संमती, सगळ्याला चालणारा. तोवर मुक्या माणसाच्या वतीने नातेवाईक बोलायचे आणि बहुधा स्वतःच्या सोयीचं बोलायचे. आता पट्टी असताना नातेवाइकांना कुणी विचारत नव्हतं, की दुसऱ्या खाणाखुणांवर भागवत नव्हतं. चांगलाच कायदा होता.

कल्याणीच्या सासूबाई, सुमती आवटी, साऱ्या गल्लीच्या अक्का, याच पट्टीवर बोलायच्या. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात परिचारिका म्हणून उभी राहिलेली बाई, भल्या भल्या सर्जनांना 'हात धुतलेत का' म्हणून विचारणारी. त्यांना पक्षाघात झाला तेव्हा सून म्हणून कल्याणीला वाईट वाटलं, आणि घर जरा शांत झालं म्हणून आपल्याला बरंही वाटतंय हे कळल्यावर आणखी वाईट वाटलं. जवळजवळ वर्षभर अक्का गप्प होत्या. 'हो' असेल तर डोळे मिटायचे, एवढीच भाषा. मग जाळी बसली, पट्टी आली आणि अक्कांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "पडदे धुवायला टाका." कल्याणी रडली आणि तिने पडदे धुवायला टाकले.

तर, सर्व्हर सुरू होईना. कल्याणी पदर खोचून बसली. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधण्यात तिचा हात धरणारं केंद्रात कुणी नव्हतं. पहिली तक्रार सोपी निघाली. फायलींची नक्कल तिने स्वतःच्या नावाने केली होती, त्यामुळे फायली तिच्या झाल्या होत्या आणि सर्व्हर परक्याच्या फायलींना हात लावत नव्हता. तिने मालकी त्याची त्याला परत दिली. पुन्हा सुरू केला, पुन्हा बसला. दुसरी तक्रार, तो अजून जुन्याच पत्त्यावर फायली शोधत होता. तिने पत्ता बदलला. "होतंय, होतंय," ती कानड्यांना म्हणाली. ते पेढा खात मान डोलवत होते.

तिसरी तक्रार तिने दोनदा वाचली. सर्व्हर म्हणत होता की मागच्या वेळी मला नीट थांबवलेलं नाही, तेव्हा माझी कच्ची नोंद दाखवा.

सर्व्हर कुठलाही बदल आधी घाईघाईने कच्च्यात टिपून ठेवतो आणि सवड मिळाली की पक्क्यात उतरवतो. नीट थांबवला तर जाण्याआधी सगळं कच्चं पक्क्यात उतरवून जातो, मग कच्चं हरवलं तरी फारसं बिघडत नाही. पण बटण दाबून त्याचा गळा आवळला तर पक्क्यात काही पानं नवी, काही पानं जुनी अशी खिचडी उरते, आणि ती निस्तरायला कच्ची नोंदच लागते. कल्याणीने कच्च्या नोंदीचा फोल्डर उघडला. फोल्डर कुठला, नुसती पाटी होती. 'कच्ची नोंद पलीकडच्या छोट्या डिस्कवर आहे' अशी. नक्कल करताना पाटी तेवढी आली होती. आणि छोटी डिस्क तिने सकाळी स्वतःच्या हाताने पुसली होती.

एकच चूक केली असती तर निभावलं असतं. नीट थांबवून डिस्क पुसली असती तरी चाललं असतं, बटण दाबून डिस्क राखली असती तरी चाललं असतं. तिने दोन्ही केल्या होत्या. पूर्ण, धड प्रत उरली होती ती गणपतीच्या आधीची. ती लावायची म्हणजे तीनशे माणसांनी तेव्हापासून कमावलेले शब्द गेले. आपल्या हातून हे झालं हे तिला पुरतं समजलं होतं, आणि तरीही तिचं मन म्हणत होतं, दुसरा काही रस्ता असेल.

तेवढ्यात श्रीधरचा, तिच्या नवऱ्याचा फोन आला.

"अगं, अक्कांच्या पोटात सकाळपासून कळा येतायत. दवाखान्यात आणलंय. हर्निया अडकलाय म्हणतात, आतड्याचा रक्तपुरवठा तुटायच्या आत ऑपरेशन करायला हवं. वय आहे, धोका आहे, म्हणून डॉक्टर मगदूम अक्कांचा शब्द मागतायत. आणि पट्टी 'जोडणी नाही' म्हणून बसलीय. कधी चालू होणार गं तुमचं?"

"होतंय," कल्याणी म्हणाली. "आत्ता होतंय."

दुसरा रस्ता होताच. सर्व्हरला सांगता येतं की कच्ची नोंद विसर आणि आहे तसा ऊठ. त्याने बजावलंही, असं केल्यास काही नोंदी एकमेकींशी जुळणार नाहीत, आधी तपासा, मगच वापरायला द्या. तपासायला अख्खा दिवस लागला असता. कल्याणीने ती सूचना पुरती वाचली. आपण वाचली नव्हती असं नंतर म्हणता यावं, अशी सोयसुद्धा तिने स्वतःला ठेवली नाही. तिने 'हो' दाबलं.

सर्व्हर उठला. गावभरच्या पट्ट्या जाग्या झाल्या. कानड्यांनी टाळ्या वाजवल्या, गुरुजी म्हणाले, "मुहूर्ताचा गुण," आणि कुणीतरी कल्याणीच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला. लॅपटॉप पिशवीत टाकून ती तशीच दवाखान्यात पळाली. दवाखाना मागच्याच गल्लीत होता.

अक्का वॉर्डात पडून होत्या, चेहरा राखेसारखा. डॉ. मगदूम पलंगाशी वाकल्या होत्या. आवाज मऊ, पण बाई नेमकी.

"सुमतीताई, मी काय म्हणतेय ते कळलं ना? आतडं अडकलंय. ऑपरेशन केलं तर धोका आहे, नाही केलं तर जास्त आहे. करू या का?"

पट्टी बोलली. अक्कांचाच आवाज, तोच ठसका. "नको."

कायद्याने दोनदा विचारावं लागतं. मगदूमबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. "नको."

श्रीधरने भिंतीला डोकं टेकलं. मग सावरून म्हणाला, "तिनं आयुष्य थिएटरात काढलंय, डॉक्टर. काय असतं ते आपल्यापेक्षा तिला जास्त माहीत. तिचा निर्णय आहे." तो कल्याणीकडे वळला. "निदान तिला सांगता तरी आलं. तुझ्यामुळं. नाहीतर आम्हीच ठरवून मोकळे झालो असतो."

मगदूमबाईही म्हणाल्या, "खरंय. ऐन वेळी चालू केलंत तुम्ही."

कल्याणीने अक्कांकडे पाहिलं. अक्का तिच्याचकडे बघत होत्या, एकटक. बोलायची वेळ असलीच तर ती हीच होती, आणि हे कल्याणीला ठाऊक होतं. 'हा शब्द कदाचित अक्कांचा नाही', एवढं वाक्य. पण मग पुढचं सांगावं लागलं असतं. मी बटण दाबलं, मी डिस्क पुसली, सूचना वाचून मी हो म्हटलं. कदाचित अक्कांचा नकाशा धड असेल, तिने मनाशी म्हटलं. तीनशेतले बहुतेक धडच असणार. कदाचित त्या खरंच नको म्हणत असतील. त्यांचा स्वभाव तसाच आहे. ती गप्प राहिली आणि पेढ्यांचा पुडा तिने खिडकीत ठेवला.

नकार नोंदला गेला. वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. दुपार चढत गेली. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि श्रीधर ते रुमालाने टिपत होता. पट्टी मधूनच म्हणायची, "नको, नको." मग म्हणाली, "बस गं. दमलीस."

हे ऐकून कल्याणी चपापली. लग्नाला इतकी वर्षं झाली, दमलीस हा शब्द अक्कांनी कामवाल्या बाईला वापरला होता, दारातल्या गाईला वापरला होता, सुनेला कधी नाही. ज्या शब्दासाठी ती इतकी वर्षं झुरली होती तो आला, आणि तिच्या मनात आधी आलं ते एवढंच, की नकाशा फाटलाय.

श्रीधर आईला हसवू पाहत होता. "अक्का, एवढं सांग. मी तुझाच मुलगा ना गं?"

"नको," पट्टी म्हणाली.

शेजारच्या पलंगावरची बाई खुदकन हसली. नर्स म्हणाली, "आजी पोटातल्या कळांतसुद्धा तिखट आहेत हो." श्रीधर रडता रडता हसला, "बघा, मरायला टेकली तरी सोडत नाही." सगळ्यांना त्या उत्तरात अक्का दिसल्या. तोंडाळ माणसाचं हे एक दुर्दैव, त्याच्या चुकीच्या शब्दालाही लोक स्वभाव समजतात.

उन्हं कलली तेव्हा कल्याणी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. अक्कांचा नकाशा काढायला फार वेळ लागला नाही. हे ती दुपारीच करू शकली असती. सूची कालची होती, शब्दांचं पान त्याच्या कितीतरी आधीचं. अक्कांच्या मेंदूतून 'हो'ची जी खूण येत होती, ती सूचीतून ज्या नंबरावर जात होती, त्या नंबरावर जुन्या पानात 'नको' लिहिलेलं होतं. म्हणजे अक्का हो म्हणत होत्या. दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणाल्या. त्यानंतरही हो, हो म्हणत होत्या, आणि मुलगा डोळे पुसत होता. आणखी काही नकाशे असेच फाटलेले निघाले. कुठल्या घरात कोण काय भलतंच बोलत असेल ते देव जाणे.

तिने कानड्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बटण, डिस्क, सूचना.

"ताई," ते म्हणाले, "घाई मी केली, ते मला मान्य आहे. पण आता घाई करू नका. उद्या दसरा. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्यांचे नकाशे बिघडलेत तेवढे आपण हळूच नीट करू. सगळं बंद केलंत तर गणपतीआधीची प्रत लावावी लागेल. लोकांचे शब्द जातील. आणि एकदा का कळलं की पट्टी खोटं बोलू शकते, मग या माणसांच्या शब्दावर परत कोण विश्वास ठेवेल?"

यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते ऐकायला जड गेलं.

"सर, त्यातली एक माझी सासू आहे. ती ऑपरेशनला हो म्हणतेय आणि आम्ही नको ऐकतोय. सगळे तपासून होईपर्यंत तिचं आतडं थांबणार नाही. आणि केंद्राने पट्टी निकामी आहे असं म्हटल्याशिवाय डॉक्टरांना तिला दुसऱ्या कुठल्या मार्गाने विचारता येत नाही."

"कुणी केलं म्हणून सांगायचं?"

"मी केलं म्हणून सांगा."

तिने सर्व्हरला थांबण्याचा हुकूम दिला. 'थांबत आहे' अशी ओळ आली. एकेक क्षण तिला जाळत होता, पण ती बोटं मुठीत दाबून बसून राहिली. आणखी एकाचाही नकाशा फाडायची तिची छाती नव्हती. अखेर तो थांबला. मिरजेतल्या तीनशे घरांत कुणाचं वाक्य अर्ध्यावर तुटलं असेल, कुणी नातवाला गोष्ट सांगत असेल. ती उठली आणि वॉर्डात गेली.

"डॉक्टर, पट्टी चुकीचं बोलतेय," ती मगदूमबाईंना म्हणाली. श्रीधर तिथेच उभा होता. "सकाळी फायली हलवताना मी नोंदी बिघडवल्या. अक्का हो म्हणाल्यात. पट्टीचा शब्द धरू नका, मी केंद्रातर्फे सांगतेय. त्यांना डोळ्यांनी विचारा."

श्रीधरने तिच्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

"आत्ता तपासलं. पण असं होऊ शकतं हे..." ती अडखळली. "हे मला मघाशी, त्यांनी पहिल्यांदा नको म्हटलं तेव्हाही माहीत होतं."

"आणि तू पेढे घेऊन आलीस," श्रीधर म्हणाला. आवाज चढवला नाही. तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेला, आईचा हात धरला आणि पुन्हा कल्याणीकडे बघितलं नाही.

मगदूमबाई वाकल्या. "सुमतीताई, तुमची पट्टी बंद आहे. ऑपरेशन हवं असेल तर डोळे मिटा. नको असेल तर उघडे ठेवा."

अक्कांनी डोळे मिटले. असे घट्ट मिटले की कपाळाला आठ्या पडल्या. "बरं, कळलं मला. उघडा आता," मगदूमबाई म्हणाल्या. अक्का उघडेनात. श्रीधर म्हणाला, "अक्का, कळलं गं, करतायत ते ऑपरेशन, उघड डोळे." तरी नाही. आपण डोळे उघडले की या लोकांना पुन्हा नको ऐकू येईल, अशी भीती त्यांना वाटत होती. स्ट्रेचर थिएटरच्या दारातून आत गेलं तेव्हाही त्यांचे डोळे मिटलेलेच होते. जसल्या दारातून त्या आयुष्यभर चालत आतबाहेर करत होत्या, तसल्याच दारातून.

अक्का वाचल्या. आतड्याचा हातभर तुकडा मात्र काळा पडला होता, तो काढावा लागला. पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावली, काही महिने तरी शौचाला तोच रस्ता. "दुपारीच केलं असतं तर आतडं सोडवून नुसतं आत सरकवलं असतं," मगदूमबाईंनी सांगितलं. त्यांनी दोष दिला नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. प्रश्न कल्याणीनेच विचारला होता.

केंद्राने गणपतीआधीची प्रत लावली. कल्याणी प्रत्येक घरी जाऊन झालं ते सांगून आली. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावलं. एका घरी एक आजोबा नातवंडांची नावं पुन्हा शिकत होते. ती दारात उभी असताना त्यांना एक नाव सापडेना आणि ते तिच्याकडे बघून ओशाळं हसले. ते हसणं तिला दार लावण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी श्रीधर कामापुरतं बोलायचा. अक्कांचे शब्द बरेच कमी झाले होते, वाक्यं तुटक यायची. पोटावरची पिशवी बदलायचं काम कल्याणीने कुणालाही करू दिलं नाही. अक्का इतकी वर्षं दुसऱ्यांचं हे सगळं करत आल्या होत्या. स्वतःचं करून घेताना त्या छताकडे बघत राहायच्या. पट्टी गळ्यात बांधण्याआधी कल्याणी रोज सकाळी त्यांचा नकाशा उघडून सूची आणि शब्द ताडून बघायची, मगच बांधायची.

दिवाळीच्या आधी, उन्हं खिडकीतून पलंगावर आली होती तेव्हा, कल्याणी पिशवी बदलत असताना पट्टी बोलली.

"त्या दिवशी."

कल्याणीचे हात थांबले. "काय अक्का?"

अक्का शब्द शोधत होत्या. शोधताना त्यांच्या भुवया जवळ येत. "तुला. माहीत होतं?"

श्रीधरने सांगितलं असेल, किंवा वॉर्डात पडल्या पडल्या त्यांनी स्वतःच ऐकलं असेल. कान शाबूत होते. नाही म्हणणं अजूनही शक्य होतं. पक्कं माहीत नव्हतं, शंका होती, असं काहीतरी म्हणता आलं असतं, आणि ते पुरतं खोटंही ठरलं नसतं.

"हो, अक्का," कल्याणी म्हणाली. "माहीत होतं."

"मग?"

कारण द्यायचं तर एकच होतं, आणि ते एवढं क्षुल्लक होतं की तोंडातून बाहेर पडताना तिलाच त्याची लाज वाटली. "सगळे खूश होते," ती म्हणाली. "सर्व्हर चालू झाला म्हणून. श्रीधर, डॉक्टर, सर. सगळे मला चांगलं म्हणत होते, अक्का. सगळे खूश होते."

अक्कांनी नजर छतावरून खाली आणली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. शब्द लगेच आला, शोधावा लागला नाही.

"मी नव्हते."

नकाशा कल्याणीने सकाळीच ताडून बघितला होता, तो धड होता. तिने पिशवी नीट बसवली, हात धुऊन आली आणि पलंगाशी बसली. अक्कांनी तिला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही.